राखाडी साडी कुणाकडे असते?

राखाडी साडी कुणाकडेच नसते. लग्नात ती कुणी देत नाही, ओटीत येत नाही, डोहाळजेवणाला चालत नाही, आणि स्वतःच्या पैशांनी घ्यायची म्हटली तरी दुकानात हात आपसूक शेजारच्या डाळिंबी घडीवर जातो. म्हणून दरवर्षी नवरात्राच्या रंगांची यादी आली की आमच्या लोकलच्या डब्यात पहिला प्रश्न ठरलेला असायचा: शनिवार कितवा? शनिवार म्हणजे राखाडी. पण शनिवारी निम्म्या जणींना सुट्टी, त्यामुळे तो रंग बहुतेक वर्षी टळायचा. २०२० साली मात्र घटस्थापनाच शनिवारी आली, १७ ऑक्टोबरला, आणि सुट्टीची सबब कुणालाच सांगता येईना. बहुतेक सगळ्या मार्चपासून घरीच होत्या.

बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या एका फास्ट लोकलच्या लेडीज डब्यातल्या तेवीस बायकांनी त्या नऊ दिवसांत एकमेकींना पाठवलेले फोटो, आणि पुढे सवडीने त्यांवर लिहिलेली टिपणं, असं हे पुस्तक आहे. प्रस्तावना मी लिहावी असं ठरलं ते माझ्या लेखणीवरच्या विश्वासाने नाही. रोजचा कोलाज जुळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, त्यामुळे सगळे फोटो माझ्याच फोनमध्ये साठले. तेवीस गुणिले नऊ म्हणजे २०७ व्हायला हवेत. आहेत १६१. उरलेल्या रिकाम्या चौकोनांबद्दलही मला थोडं बोलायचं आहे.

पुस्तकात नावं कुणाचीच नाहीत. डब्यात बाईचं नाव तसंही फार उशिरा कळतं. आधी तिचं स्टेशन कळतं, मग ती कुठे उतरते, मग मुलं किती, सासूशी पटतं का, थायरॉइडची गोळी किती पॉवरची. नाव शेवटी, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायची वेळ आली की. तेव्हा इथे बदलापूर आहे, अंबरनाथ काकू आहेत, विठ्ठलवाडी आहे, दोन कल्याण आहेत (एक खिडकीवाली, एक दारातली), आणि मी डोंबिवली, म्हणजे जन्माची चौथी सीट. चौथी सीट म्हणजे काय हे मध्य रेल्वेच्या वाचकांना सांगायला नको. इतरांनी तिघांच्या बाकड्यावर अर्धं अंग बाहेर ठेवून ठाण्यापर्यंत बसून बघावं.

या नऊ रंगांचा इतिहास फार जुना नाही, आणि तो सांगितला की लोकांना राग येतो. नवरात्र जुनं आहे. घट, त्याच्याभोवतीच्या मातीत पेरलेलं धान्य, रोज एक चढवायची माळ, अखंड दिवा, उपास, कुमारिका आणि सवाष्ण जेवायला घालणं, हे सगळं आपल्या आजीच्या आजीला ठाऊक होतं. अमुक वारी सगळ्यांनी अमुक रंगाचं नेसायचं, हे मात्र तिच्या कानावर कधी आलं नव्हतं. ते आलं या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत. ‘महाराष्ट्र टाइम्स’ने रंगांची यादी छापली, वाचक बायकांचे एका रंगातले फोटो मागवले आणि पानं भरून ते प्रसिद्ध केले. बँकांतल्या, शाळांतल्या, मंत्रालयातल्या, पोस्टातल्या बायका सकाळी सकाळी पेपरात स्वतःला शोधू लागल्या. मग इतर वर्तमानपत्रं आली, साडीची दुकानं आली, टीव्हीवरच्या बातमीदार बायका त्या त्या रंगात दिसू लागल्या. आता तर यादी आषाढातच मोबाइलवर फिरायला लागते.

हल्ली त्या यादीत प्रत्येक रंगापुढे एक देवी असते. शैलपुत्रीचा हा रंग, ब्रह्मचारिणीचा तो, त्याचं फळ काय, कोणत्या वेळी नेसावं. गंमत अशी की देवींचा क्रम दरवर्षी तोच राहतो आणि रंग ठरतात वारावर. रविवार केशरी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. वर उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले कुठले तरी दोन. म्हणजे शैलपुत्री २०१९ साली केशरी, २०२० साली राखाडी, २०२१ साली पिवळी आणि २०२२ साली पांढरी. बरं, वार ग्रहांचे म्हणून रंगही ग्रहांचे म्हणावेत, तर बुधाचा हिरवा शुक्रवारकडे गेलाय आणि शनीचा काळा धुऊन धुऊन राखाडी झालाय. सणासुदीला काळं कोण नेसणार, हा व्यवहार यादी करणाऱ्याने बघितला असावा.

म्हणून ही रीत खोटी, असं मला म्हणायचं नाही. कुठलीही रीत कधी तरी पहिल्यांदा होतेच, आणि ही कुणी सुरू केली ते आपल्याला माहीत आहे एवढाच तिचा दोष. मला प्रश्न पडतो तो दुसरा: एवढ्या झटकन ती रुजली कशी? एकसारखं नेसून मिरवणं आपल्याला नवं नव्हतं. भजनी मंडळांच्या एकाच काठाच्या साड्या असतात, मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या गटांच्या नऊवारी असतात, ढोल-ताशा पथकांचे पांढरे सदरे आणि फेटे असतात. डोंबिवलीला १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, तेव्हापासून पाडव्याला नथ आणि नऊवारी घालून दुचाकीवर बसणं हाही एक गणवेशच झाला आहे. पण या सगळ्याला मंडळ लागतं. वर्गणी, सराव, कोण पुढे कोण मागे यावरून रुसवेफुगवे, आणि साडी आणायला गेलेल्या दोघींवर उरलेल्या वीस जणींचा संशय. नवरंगाला यातलं काही लागत नाही. कपाट आपलं, साडी आपली, जुनी चालते, कॉटन चालते, ड्रेस चालतो, अगदीच काही नसेल तर ओढणी चालते. आणि दादरला उतरलं की अख्खा पूल पिवळा. पुढे चाललेली बाई कोण, कुठली, जात कुठली, पगार किती, काही माहीत नाही; आज ती आणि मी मिळून काही तरी आहोत एवढं नक्की. स्कायवॉकवर झाडू मारणारी बाई गणवेशात असायची, पण त्या दिवशी तिच्या वेणीला पिवळी रिबीन असायची. मी पाहिली आहे.

माझं म्हणणं एवढंच, आणि हे पुस्तक चाळताना ते हाताशी असू द्यावं: नवरंग ही घराबाहेरची रीत आहे. घरचं नवरात्र सोवळ्याचं, स्वयंपाकाचं, सासूबाईंच्या देखरेखीखालचं. रंगाचं नवरात्र सुरू व्हायचं ते चप्पल पायात सरकवल्यावर, आणि संपायचं परतीच्या गाडीतून उतरताना. कामाला जाणाऱ्या बाईचं, घर आणि हापिसाच्या मधल्या दीड तासातलं ते देऊळ होतं. त्या दीड तासात पिना-रबरवाली मावशी त्या दिवशीच्या रंगाची कानातली घेऊन चढायची, दसऱ्याच्या आधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं लागायची, हळदीकुंकू व्हायचं, धावत्या गाडीत भोंडला व्हायचा. फोटो अगदी शेवटी, भायखळा गेल्यावर, कुणाच्या तरी हातात फोन कोंबून. त्यात दोघींची डोकी कापलेली आणि एकीचे डोळे मिटलेले. तो कुणी पुन्हा बघायचंही नाही.

मग २०२० आलं. २२ मार्चच्या मध्यरात्रीनंतर लोकल बंद झाल्या. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि तोच टाळेबंदीचा पहिला दिवस. डोंबिवलीच्या फडके रोडवर त्या सकाळी कुत्रीसुद्धा बिचकून चालत होती. मुंबईत पेपर यायचा थांबला, एप्रिलमध्ये घरोघरी पेपर टाकायला राज्य सरकारनेच मनाई केली, आणि ती सैल झाल्यावरही मुंबईत दारात पेपर पडायला जून उजाडला. ज्या दोन गोष्टींवर ही रीत उभी होती, लोकल आणि पेपर, त्या दोन्ही एकाच वर्षी हातातून गेल्या. त्या वर्षी रंग नेसायचं कारण खरं तर उरलंच नव्हतं.

कारण नसताना माणसं काय करतात ते बघायला मात्र ते वर्ष चांगलं होतं. एप्रिलमध्येच फेसबुकवर साडी चॅलेंज सुरू झालं होतं. एकीने साडीतला फोटो टाकायचा, आणखी चार जणींची नावं जोडायची, त्यांनी पुढच्या सोळा जणींना गाठायचं. साथही अशीच पसरते, हा विनोद तेव्हा जवळपास प्रत्येकीने केला. पावसाळ्यात ‘नथीचा नखरा’ हे चॅलेंज आलं. नाक आणि तोंड झाकून बाहेर पडायचं ते वर्ष, आणि त्याच वर्षी नाकातल्या दागिन्याला हे दिवस यावेत! लगोलग पैठणीचे मास्क आले, खणाचे मास्क आले, आणि ज्यांच्यावर बाहेरूनच नथ चिकटवलेली आहे असेही मास्क आले. खणाचं तर भाग्यच उघडलं. गुळेदगुड्डच्या मागांवर चोळीपुरतं विणलं जाणारं हे अरुंद पन्ह्याचं कापड, त्याची अख्खी साडी आधीच निघाली होती. घरात बसलेल्या महाराष्ट्राने ती फोनवर पाहून मागवली. सप्टेंबरमध्ये कपल चॅलेंज आलं तेव्हा पुणे पोलिसांना ट्विटरवर सांगावं लागलं की बाबांनो, जोडीचा फोटो टाकण्याआधी जरा विचार करा, त्याचा गैरवापर होऊ शकतो. आमच्या डब्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो इशारा आला तेव्हा खिडकीवाल्या कल्याणने लिहिलं होतं, "आमचे हे सोबत उभे राहिले तर ना गैरवापर होणार."

नवरात्र त्या वर्षी उशिरा आलं. अधिक आश्विन होता, त्यामुळे पितृपक्ष संपल्यावर महिनाभर नुसतं थांबायचं होतं. राज्यातल्या रुग्णांचा आकडा पंधरा लाखांच्या पुढे गेला होता. गरबा बंद, सार्वजनिक मूर्ती चार फुटांच्या आत, देवळं बंद. तुळजापूरला भवानीच्या रथ अलंकारापासून महिषासुरमर्दिनीपर्यंतच्या पूजा बांधल्या गेल्या त्या बंद दारांआड, आणि भक्तांनी त्या मोबाइलवर पाहिल्या. देवीनेही त्या वर्षी घरात राहूनच फोटो पाठवले म्हणायला हरकत नाही. अभिनेत्री तेजस्विनी पंडित नवरात्रात दरवर्षी देवीरूपातली छायाचित्रं करत असत. त्या वर्षी त्यांनी साथीशी लढणारी माणसं देवीरूपात दाखवली. ते फोटो आमच्या ग्रुपवर इतक्या वेळा आले की शेवटी अंबरनाथ काकूंनी लिहिलं, "पुरे आता, आपलेपण येऊ द्या."

आणि पहिलाच रंग राखाडी.

नेहमीच्या वर्षी यावर उपाय होता. डब्यात साड्या फिरायच्या. आदल्या दिवशी पिशवीत घालून आणायची, दुसरीने नेसायची, धुऊन इस्त्री करून परत, वर थोडा चिवडा. त्या वर्षी शेजारच्या घरातली वाटीभर साखर घ्यायची चोरी होती, तिथे साडी कोण देणार? बाहेरून आलेला कपडा थेट गरम पाण्यात, असा तो काळ. मग सकाळी सातपासून माझ्या फोनवर जे यायला लागलं, ते या पुस्तकाच्या पहिल्या दहा पानांवर आहे. मुलीच्या शाळेचा करडा स्कर्ट पदरासारखा खांद्यावर घेतलेली एक. नवऱ्याचा हापिसचा शर्ट घातलेल्या तिघी. सोफ्याचं कव्हर गुंडाळलेली एक, आणि ते सोफ्याचं आहे हे तिने लपवलेलंही नाही, कोपऱ्याची झिप दिसते. एकीने नुसता कुकर पाठवला. अंबरनाथ काकूंनी स्वतःचा भांग वरून टिपून पाठवला. मार्चपासून कलप लावला नव्हता. मधोमध चार बोटं रुंद राखाडी पट्टा, दोन्ही बाजूंना उरलेला तांबूस काळा. खाली एकच शब्द: "माझी." त्यानंतर ग्रुपवर अर्धा तास दुसरं काही आलं नाही.

मला वाटतं, त्या दिवशी एक गोष्ट घडली आणि ती आमच्या लक्षात आली नाही. रंग साडीपासून सुटला. पुढचे आठ दिवस केशरी गाजर होतं, पांढरी रांगोळी होती, लाल बादली होती. ज्यांना साडी नेसायची होती त्यांनी नेसली, पण बऱ्याचदा गाऊनवर नुसता पदर. फोटो कमरेपर्यंतच असतो हे ज्ञान ऑनलाइन मीटिंगांनी सगळ्यांना दिलंच होतं. आणि कोलाजात सगळ्यांच्या शेजारी सगळ्या बसू लागल्या, चौथ्या सीटवर कुणीच नाही. मी स्वतःला रोज मधला चौकोन देत असे. तेवढा मोबदला हवाच.

कोलाज करणं हे दिसतं तितकं साधं काम नाही. फुकटच्या ॲपमध्ये दर तीन फोटोंमागे एक जाहिरात यायची. व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं, त्यामुळे बारीक काठ जातात, जर पांढरी पडते. सगळ्यात मोठं भांडण मोरपंखीचं. सातव्या दिवशी हिरवा आणि आठव्या दिवशी मोरपंखी, म्हणजे शेजारी शेजारी. खिडकीवालीच्या फोनवर जो मोरपंखी निळा दिसायचा तो माझ्या फोनवर हिरवा दिसायचा, आणि दोघीही आपल्याच डोळ्यांवर ठाम. डब्यात हे भांडण पदर पदराला लावून मिटलं असतं. आता पदराला लावायला समोर पदर नव्हता. पूर्वी साडीच्या रंगांना मराठीत किती नावं होती: अबोली, मोतिया, गुलबक्षी, चिंतामणी, शेवाळी, वांगी. यादीने त्यांतले नऊ ठेवले आणि बाकीचे माळ्यावर टाकले, हा माझा या रीतीवरचा खरा राग आहे. मोरपंखी तेवढा तरला आणि त्याच्यावरून इतका वाद झाला, यातच काय ते आलं.

ग्रुपमधल्या ठाण्याच्या एक ताई निवृत्त होऊन लेकीकडे न्यू जर्सीला गेल्या होत्या. लोकलमध्ये त्या पुन्हा कधी दिसणार नव्हत्या, पण कोलाजात नऊही दिवस आहेत. आमच्या सकाळच्या आठला त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे साडेदहा. म्हणजे आमच्या रविवारच्या केशरीत बसायचं तर त्यांना शनिवारी रात्री केशरी नेसावं लागे. नऊ दिवस ही बाई जेवणं आटोपली की उद्याची साडी नेसून, फोटो पाठवून, ती बदलून झोपत होती. जावयाला हे प्रकरण शेवटपर्यंत कळलं नाही असं त्यांनी टिपणात लिहिलंय.

आता ते रिकामे चौकोन.

विठ्ठलवाडीचे यजमान त्या ऑगस्टमध्ये करोनाने गेले. रविवारपर्यंत ती कोलाजात होती. सोमवारी पांढरा, आणि तिचा फोटो आला नाही. मी मूर्खासारखं लिहिलं, "कुणाकुणाचे बाकी आहेत?" त्यावर अंबरनाथ काकूंचा मला थेट फोन आला, चांगलाच झापणारा. आमच्या डब्यात नवरा गेलेल्या बायका पूर्वीही होत्या. त्या लाल नेसायच्या, हिरवं नेसायच्या, दसऱ्याच्या हळदीकुंकवात त्यांना बोलवायचं की नाही हा प्रश्न आम्ही कधी निघू दिला नव्हता. पण ते डब्यात. डब्याला दार होतं, ते कल्याणला गर्दीने आपोआप बंद व्हायचं आणि आतलं आत राहायचं. फोनला तसलं दार नाही. विठ्ठलवाडी नंतर बोलली ती वेगळंच: पांढऱ्याचं काही नव्हतं गं, पांढरी साडी तर होती, मंगळवारच्या लाल साडीतला फोटो कुणी तरी स्टेटसला ठेवेल आणि तो माझ्या दिराला दिसेल, याची धास्ती होती. म्हणून सोमवारपासूनच थांबले, एकदम मंगळवारी थांबले असते तर कळलं असतं.

घराबाहेरची रीत घरात कोंडली की हे होतं. जी गोष्ट सासरच्या नजरेआड दीड तास करता येत होती, ती आता सासरच्याच हॉलमध्ये, सासरच्याच वायफायवर करायची. तिचे सहा चौकोन या पुस्तकात कोरे सोडले आहेत. ते भरायला प्रकाशकांनी फुलं वगैरे सुचवली होती. तिने नको म्हटलं. (सहाच का, सात का नाहीत, ते शेवटच्या दिवसाच्या पानावर बघावं. जांभळ्या रंगाचा एक हात आहे. तो तिचा.)

पिना-रबरवाली मावशी तर पुस्तकात कुठेच नाही. तिच्याकडे साधा फोन होता. आमच्यापैकी कुणाकडेच तिचा नंबर नव्हता, इतकी वर्षं तिच्याकडून कानातली घेऊनही. २०२० च्या नवरात्रात ती काय खात होती हे आम्हाला माहीत नाही, आणि तेव्हा आम्ही मोरपंखीवर भांडत होतो. घरबसल्या सगळ्या एकत्र आल्या असं कुणी या पुस्तकाबद्दल लिहिलं तर मला हे आठवेल.

ज्यांना रंग निवडायची मुभा नव्हती अशा दोघी मात्र आहेत. बदलापूर मुंबईतल्या एका रुग्णालयात परिचारिका. १५ जूनला अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू झाली तेव्हापासून तिचा प्रवास सुरू होता, त्याआधी बसने. सोमवारी सगळ्यांत खरा पांढरा तिचा होता, पीपीई किटचा, पाठीवर मार्करने नाव लिहिलेला, कारण आत कोण आहे ते कळत नाही. दुसरी आमच्यातल्या एकीची जाऊ, मुरबाडकडची आशा सेविका. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम १५ सप्टेंबरला सुरू झाली आणि २५ ऑक्टोबरला, नेमकी दसऱ्याच्या दिवशी संपली. म्हणजे नवरात्राचे सगळे दिवस ती गणवेशाची साडी नेसून, तापमापकाची बंदूक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार जात होती. काही दारं उघडत होती, काही नव्हती. तिचा फोटो आम्ही मुद्दाम कृष्णधवल छापला आहे. आज कोणता रंग, हा खेळ तिच्याशी नको.

मुखपृष्ठावरचा फोटो बुधवारचा, २१ ऑक्टोबरचा, निळ्याचा. त्या दिवसापासून सगळ्या महिलांना लोकलने जायची परवानगी मिळाली, सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि मग संध्याकाळी सातनंतर. आपल्या हापिसांच्या वेळा काय असतात हे ठरवणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं. दारातली कल्याण तरीही गेली. तिला साहेबांनी बारापर्यंत यायची सूट दिली होती. तिने पाठवलेल्या फोटोत ती स्वतः नाहीच. बाकड्यांवर एक सोडून एक फुल्या मारलेल्या आहेत, वर हँडल्स एका ओळीत हलताहेत, आणि काचेत निळ्या पदराचं अंधुक टोक दिसतं. आयुष्यभर दारात उभी राहून गेलेल्या बाईला बसायला अख्खा डबा होता. टिपणात ती लिहिते की ती मुंब्र्यापर्यंत उभीच राहिली, मग तिचं तिलाच हसू आलं.

भोंडला आम्ही झूमवर केला. वाईट झाला. सगळ्यांची गाणी मागेपुढे, हत्ती एकीच्या पाटावर आणि फेर प्रत्येकीच्या आपापल्या हॉलमध्ये. खिरापत ओळखायला डबा वाजवतात. खिडकीवालीने कॅमेऱ्यासमोर जीव खाऊन डबा हलवला, पण झूमला तो गोंगाट वाटला आणि त्याने आवाज गाळून टाकला. पडद्यावर एक बाई गंभीर चेहऱ्याने मुकाट डबा हलवतेय, एवढंच आम्हाला दिसत होतं. खिरापत कुणालाही ओळखता आली नाही. ती काय होती हे तिने अजून सांगितलेलं नाही.

याच खिडकीवालीने पहिल्या दिवशी रात्री चिडून फेसबुक लाइव्हवर एक राखाडी साडी घेऊन टाकली होती. त्या काळात दुकानं बंद पडलेल्या, नोकऱ्या गेलेल्या कितीतरी बायका रात्री नऊला दिवा लावून मोबाइलसमोर साड्या उलगडायच्या. आवडली की खाली नंबर टाकायचा. साडी मंगळवारी आली. तिने पार्सलला सॅनिटायझर फासलं, दोन दिवस बाल्कनीत ठेवलं, उघडलं तोवर गुरुवारचा पिवळा उजाडला होता. साडी तशीच कपाटात गेली. पुढच्या वर्षी, ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी देवळं उघडली. दोन डोस झालेल्या आम्ही पुन्हा डब्यात भेटायला लागलो होतो, आणि शनिवारी, ९ तारखेला, ती साडी पहिल्यांदा घडीतून निघाली. खिडकीवाली नव्हती नेसली. ती म्हणाली, मला तो रंग शोभत नाही, घेतली तेव्हा कुठे कोण बघत होतं.

तेव्हापासून ती सगळ्यांची झाली आहे. नवरात्रातल्या दर शनिवारी एकीच्या अंगावर, मग पिशवीतून दुसरीकडे, सोबत चिवडा. यंदा ती कुणाकडे आहे हे मला हे लिहिताना माहीत नाही. ज्या कुणाकडे असेल तिने नेसण्याआधी फॉल बघून घ्यावा. गेल्या वर्षी ठाण्याला उतरताना माझ्याच टाचेखाली आला आणि वीतभर उसवला होता. शिवून द्यायचं राहून गेलं.